उंबरकड्याची गिधाडं

१

पहिलं गिधाड कुसाबाईला दिसलं. उंबरकड्याखालच्या रानात ती सरपण गोळा करत होती. करवंदीच्या जाळीवर कुणाचं तरी मळकं घोंगडं पडलंय असं तिला वाटलं. जवळ गेली तर ते पंख होते. पक्ष्याची मान खाली लोंबत होती. थोडं पुढे दुसरं पडलं होतं, ओढ्याच्या कपारीत तिसरं. कुसाबाईने मोळी तिथेच टाकली आणि ती धावत गावात आली.

दिवस मावळेपर्यंत सात सापडली.

करंजपाडा हे पेठच्या डोंगरातलं लहानसं गाव. गावामागच्या उंबरकड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती होती. सगळीकडून गिधाडं नाहीशी होत गेली, पण इथे टिकली, कारण गावाने ती टिकवली. जनावर मेलं की करंजपाड्यात ते पुरत नसत. कड्यासमोरच्या कुंपण घातलेल्या माळावर नेऊन ठेवत. मुख्य अट एकच होती, मरणाआधी त्या जनावराला दुखण्याचं इंजेक्शन दिलेलं नसावं. डायक्लोफेनॅक नावाच्या त्या औषधाला जनावरांसाठी बंदी येऊन बरीच वर्षं झाली, तरी चोरून ते वापरलं जातंच. जनावर मेल्यावरही ते मांसात राहतं. आणि ते मांस खाल्लेलं गिधाड मग वाचत नाही.

अट पाळली जाते की नाही ते बघायचं काम गोरक्षचं. चाळिशीचा, एकटा, पक्ष्यांच्या नादापायी लग्न राहून गेलेला माणूस. गावसमितीने त्याला माळाचा राखणदार नेमलं होतं. मेलेल्या जनावराच्या मालकाला तो खोदून खोदून विचारी. गेल्या वर्षी खुद्द सरपंच कमळाबाईंची गाय त्याने फाटकातून परत पाठवली. त्यांना ती खड्डा खणून पुरावी लागली. तेव्हापासून गोरक्षच्या शब्दाला गावात वजन आलं होतं.

दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या बोलावण्यावरून डॉ. उज्वला देवरे नाशिकहून आल्या. जनावरं आणि पाखरं कशाने मेली ते शोधणं हा त्यांचा पेशा. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. पळसाखाली ताडपत्री अंथरून त्यांनी पहिला पक्षी उघडला. आतल्या अवयवांवर खडूची पूड शिंपडावी तसा पांढरा थर होता. दुसऱ्यातही तेच होतं, तिसऱ्यातही. मास्क खाली ओढून त्यांनी वहीत नोंद केली. हा थर त्यांनी पूर्वी पुष्कळदा पाहिला होता, डायक्लोफेनॅकने मेलेल्या गिधाडांत.

माळावरचं शेवटचं जनावर कोणाचं, असं त्यांनी विचारलं. सावळीरामकाकांचा बैल, गोरक्ष म्हणाला. त्याचे डोळे रडून सुजले होते. बैलाची मांस चिकटलेली एखादी बरगडी घेऊन ये, असं त्यांनी त्याला सांगितलं. तो बऱ्याच वेळाने परतला. त्याच्या हातात गोणपाटात गुंडाळलेली पुढची तंगडी होती, खुराला लोखंडी नाल तसाच.

"मी बरगडी म्हटलं होतं."

"हेच मिळालं, मॅडम."

सांध्याला थोडं मांस होतं. तपासणीला तेवढं पुरलं असतं. उज्वलाबाईंनी तंगडी बर्फाच्या पेटीत ठेवली. अहवाल यायला वेळ होता, पण गाव अहवालासाठी थांबणार नव्हतं.

२

संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर माणसं जमली. कुणी बोलावलं नव्हतं. कुसाबाईचा नवरा सावळीराम एका कडेला उकिडवा बसला होता. कुणीतरी म्हणालं, पाखरं नेमकी कुसाबाईलाच कशी दिसली? दुसरं म्हणालं, बैल मरायच्या आदल्या दिवशी रंगनाथची मोटरसायकल सावळीरामच्या दाराशी उभी होती. रंगनाथ हा गावोगाव फिरून सुया टोचणारा माणूस. पदवी नाही, दवाखाना नाही, पण खरा डॉक्टर या डोंगरात वेळेवर पोहोचत नाही म्हणून त्याचं चाले.

मग दोघंतिघं जाऊन रंगनाथच्या घरामागचा उकिरडा उपसून आले. त्यांनी देवळाच्या पायरीवर काचेच्या रिकाम्या कुप्या ओतल्या. उज्वलाबाईंनी एक उचलून वाचली. डायक्लोफेनॅकच होतं.

कमळाबाईंनी सावळीरामला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का? तो एवढंच म्हणाला, "माझ्या बैलाला काय नाय टोचलं." आणि उठून घरी गेला. त्याच्यामागून कुणी गेलं नाही.

बहिष्कार घालायचा असं कुणी म्हटलं नव्हतं. पण सकाळी कुसाबाई नळावर आली तेव्हा बायकांनी आपले हंडे उचलले आणि वाट करून दिली. तिच्याशी मात्र कुणी बोललं नाही. तिने हंडा भरला. तो डोक्यावर चढवायला रोज कुणीतरी हात लावायचं. आज तिने तो स्वतःच कसाबसा चढवला, आणि निम्मं पाणी अंगावर सांडलं.

हे सगळं गोरक्ष देवळाच्या ओट्यावरून बघत होता. उज्वलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने मान फिरवली.

३

उज्वलाबाई सावळीरामच्या घरी गेल्या. अंगणात एक बैल रवंथ करत होता. शेजारचा खुंटा रिकामा होता. कुसाबाईने चहा ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली.

बैल म्हातारा झाला होता, सावळीरामने सांगितलं. डांगी जातीचा, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. पेठच्या बाजाराला जन्मभर गाडी ओढली त्याने. एक दिवस बसला तो उठलाच नाही. सांधे धरले होते. रंगनाथ आला होता हे खरं. एक सुई देतो, आराम पडेल, असं तो म्हणाला होता हेही खरं.

"मग?"

सावळीरामने रिकाम्या खुंट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बैल रातभर कण्हत व्हता, बाई. मी त्याच्यापाशी बसून व्हतो. सुई दिली असती तर सुखानं गेला असता. पण गोरक्षनं सांगितलेलं डोक्यात व्हतं. म्हटलं, नको, मेल्यावर पाखरं खातील. म्हणून नाय दिली."

कुसाबाईने पदर डोळ्यांना लावला. उज्वलाबाईंनी कप खाली ठेवला. हा माणूस खरं बोलत असेल, तर गावाने फार मोठी चूक केली होती.

रंगनाथ घुश्शातच भेटला. कुप्या त्याच्याच होत्या, पण त्या माणसांसाठी. दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागांत मजुरीला जाणारी माणसं कंबर धरून परत येतात. त्यांना तो सुई देतो.

"कुप्या बघा ना केवढ्या हायत," तो म्हणाला. "बैलाला द्यायचं तर असल्या डझनभर फोडाव्या लागतील. कोण फोडंल?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. जनावरांना चोरून देणारे मोठी बाटली वापरतात, हे उज्वलाबाईंना माहीत होतं. माणसांना सुया टोचणंही तुला बंद करावं लागेल, असं त्यांनी त्याला बजावलं.

उज्वलाबाई नाशिकला परतल्या. काही दिवसांनी प्रयोगशाळेतून फोन आला. पक्ष्यांच्या शरीरात डायक्लोफेनॅक भरपूर सापडलं होतं. तंगडीच्या मांसात मात्र त्याचा मागमूसही नव्हता.

सावळीरामचा बैल स्वच्छ होता. मग पक्ष्यांनी खाल्लं काय?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कुणाला न सांगता एकट्याच माळावर गेल्या. फाटकाला कुलूप होतं. पण त्याची किल्ली ग्रामपंचायतीच्या कचेरीत खिळ्याला टांगलेली असे. ती कुणीही घ्यावी, कुणीही ठेवावी.

मधल्या सपाट कातळावर हाडं पडली होती. गिधाडं नेहमी तिथेच उतरत. जुनी, उन्हाने पांढरी पडलेली हाडं कडेला होती, नवी मधोमध. उज्वलाबाई खाली बसल्या आणि नवी हाडं एकेक करून लावू लागल्या. मांस वाळून चिकटलेल्या बरगड्या आजूबाजूला पुष्कळ होत्या. ऊन चढत गेलं. वर कड्यावर एखादं गिधाड पंख पसरून बसलेलं दिसे. बाकी सगळं सुनं होतं.

तीन खुरांना नाल होते. ते बैलाचे, चौथा खूर त्यांच्या पेटीत गेला होता. पण त्याखेरीज आणखी चार खूर निघाले, बिननालाचे. त्यांनी एक खूर तळहातावर घेतला. तो लांब वाढलेला होता, जुन्या मोजडीच्या टोकासारखा वर वळलेला. करंजपाड्याची गुरं रोज डोंगर चढतात. दगडांवर घासून त्यांचे खूर आखूड, कडक होतात. हा खूर कधी दगडावर पडलाच नव्हता. जन्मभर सिमेंटच्या फरशीवर, दावणीला उभ्या राहिलेल्या जनावराचा तो होता. कमरेचं हाड सांगत होतं की ती गाय होती.

म्हणजे बैलाबरोबर त्याच कातळावर एक गाय खाल्ली गेली होती. बाहेरची, दूधधंद्याच्या गोठ्यातली. आणि ती गावात कुणालाच माहीत नव्हती.

गायीचं डोकं त्यांना सापडेना. कुंपणाच्या कडेने त्यांनी सगळा माळ पालथा घातला. कोल्ह्याने ओढून न्यावं तर कुंपण शाबूत होतं. परत येऊन त्यांनी मानेचा पहिला मणका पाहिला. त्यावर सरळ, स्वच्छ घाव होता. डोकं कुऱ्हाडीने तोडलेलं होतं.

का, हे कळायला वेळ लागला नाही. गोठ्यातल्या गायींची शिंगं वासरूपणीच जाळतात आणि कानात पिवळा बिल्ला असतो. ते डोकं पाहिलं असतं तर गावातल्या कुठल्याही पोराने सांगितलं असतं, ही आपली नाही.

कुणीतरी ती गाय आणली होती, आणि आणताना ती कुणी ओळखू नये याची काळजीही घेतली होती. उज्वलाबाईंनी खूर आणि गायीचं कमरेचं हाड पिशवीत भरलं. एवढी मोठी गाय डोंगरावर आणायची तर गाडी लागते. आणि या भागात तशी गाडी एकाचकडे होती.

५

महेश नाशिकचा. कड्याच्या पायथ्याशी जागा भाड्याने घेऊन त्याने तंबू टाकले होते. शनिवार-रविवारी शहरातली माणसं येत. फाटकावर त्याने गिधाडाचं मोठं चित्र लावलं होतं. दोन वर्षांपूर्वी तंबूंसाठी त्याने माळच मागितला होता. गावाने नाही म्हटलं, तेव्हापासून त्याचं आणि गावाचं फारसं पटत नव्हतं.

कमळाबाईंनी आठवून सांगितलं की बैल मरायच्या आधी एका पहाटे महेशचा पांढरा पिकअप माळाच्या रस्त्याला चढताना त्यांनी पाहिला होता. तंबूंसाठी दगडमाती नेत असेल, असं त्यांना वाटलं.

पिकअप तंबूंच्या मागे उभा होता. मागच्या फळीला अजून फिनेलचा वास येत होता. फळीच्या बिजागरीत काळेपांढरे केस अडकले होते, गायीचे. महेशने ते पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

त्या दिवशी तो इगतपुरीला सासुरवाडीला होता, असं त्याने सांगितलं. मेव्हण्याचा साखरपुडा होता, फोटो दाखवतो म्हणाला. दाखवलेही. गाडी इथेच होती, किल्ली स्वयंपाकघरात. आचारी, दूधवाला, गावातली माणसं, सगळेच येऊन जाऊन असतात. परत आला तर गाडी धुतलेली होती. त्याला वाटलं, आचाऱ्याने धुतली.

"मला माळ हवा होता, खरंय," तो म्हणाला. "पण गिधाडं मेली तर माझ्याकडे येणार कोण, मॅडम? लोक त्यांच्यासाठीच येतात. हल्ली ती खाली उतरत नव्हती म्हणून बुकिंग रद्द होत होती."

उज्वलाबाई बाहेर येऊन दगडावर बसल्या. आत्तापर्यंत सगळं गाव एकच प्रश्न विचारत होतं, गिधाडं कुणी मारली? त्यांनी स्वतःही तोच विचारला होता. आता वाटलं, प्रश्नच चुकला. मारायचं असतं तर मूठभर विष पुरलं असतं. एवढी गाय गाडीत घालून, घाट चढवून माळापर्यंत कोण आणील? जो आणील त्याला मारायचं नसेल. त्याला खायला घालायचं असेल.

खायला घालावंसं वाटणारी माणसं दोनच. एक महेश, आणि तो तर इगतपुरीला होता.

मग त्यांना ती नाल मारलेली तंगडी आठवली.

६

गोरक्ष मचाणावर होता. कड्यावर नजर ठेवायला ते मचाण त्यानेच बांधलं होतं. पण आज तो कड्याकडे पाठ करून बसला होता.

उज्वलाबाई शिडी चढून वर आल्या आणि त्याच्यासमोर बसल्या.

"मी तुझ्याकडे बरगडी मागितली होती," त्या म्हणाल्या. "कातळावर बरगड्यांचा खच होता. तू तंगडी आणलीस."

तो फळीवरची सुटलेली साल सोलत राहिला.

"बरगडीवरून जनावर ओळखू येत नाही, गोरक्ष. ती बैलाची की गायीची, तुलाही सांगता आलं नसतं. नाल मारलेली तंगडी मात्र नक्की बैलाचीच. तिथे एकच जनावर आहे असं ज्याला वाटत होतं, त्याने हाताला लागेल ती बरगडी उचलली असती. निवडून बैलाचीच वस्तू आणायची गरज कुणाला पडेल? जनावरं दोन आहेत आणि त्यातलं दुसरं वाईट आहे, हे ज्याला माहीत असेल त्याला."

गोरक्षने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग हळूहळू त्याच्याकडून सगळं बाहेर आलं.

गावात ट्रॅक्टर आले आणि बैल विकले गेले. या हिवाळ्यात माळावर बरेच दिवस एकही जनावर आलं नाही. कड्यावर घरट्यांत पिल्लं होती. गिधाडं लांब लांब जाऊ लागली, कुठे काय खात असतील या काळजीने त्याची झोप उडाली. शेवटी ओझरच्या पुढे एका गोठ्यात गाय मेल्याचं त्याला कळलं. महेशची गाडी न विचारता घेऊन तो गेला. माळावर आणल्यावर डोकं तोडून दरीत टाकलं, कारण बाहेरचं जनावर आणायचं नाही हा नियमही त्याचाच होता.

गाय कशाने मेली ते विचारलंस का, असं उज्वलाबाईंनी विचारलं. विचारलं, तो म्हणाला. विताना मेली, असं मालकाने सांगितलं.

"आणि इंजेक्शनचं?"

गोरक्षने मान हलवली. "ते नाय विचारलं."

"का? गावात तर तू प्रत्येकाला विचारतोस."

"तो हो म्हणाला असता तर मोकळ्या हातानं परत यावं लागलं असतं."

खालून कुणाच्या तरी गुरांच्या घंटा ऐकू आल्या आणि लांब गेल्या.

गाय टाकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सावळीरामचा बैल मेला, त्याने सांगितलं. तोवर पाखरांनी गायीची नुसती हाडं ठेवली होती, म्हणून ती कुणाच्या लक्षात आली नाही. एक दिवस दम धरला असता तर गाय आणावीच लागली नसती. पाखरं मेलेली दिसली तेव्हाच त्याला सगळं कळलं. सावळीरामकाकांवर आळ येऊ नये म्हणून त्याने बैलाची तंगडी दिली. अहवाल स्वच्छ आला की ते सुटतील असं त्याला वाटलं होतं.

"आणि तोवर? कुसाबाईला नळावर एकटीला हंडा उचलताना तू पाहिलंस. मी तुला बघताना पाहिलं."

वनखात्याला मला सगळं लिहून द्यावं लागेल, असं उज्वलाबाईंनी सांगितलं, आणि त्या गोठ्याचा पत्ताही घेतला. आणखी किती मेलेली जनावरं त्या गोठ्यातून कुठे कुठे गेली, ते शोधायचं होतं. मग त्या शिडी उतरू लागल्या. गावाला तू सांगतोस की मी सांगू, असं त्यांनी अर्ध्यावर थांबून विचारलं.

"मी सांगतो," तो म्हणाला.

७

देवळासमोर पुन्हा माणसं जमली. गोरक्षने उभं राहून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कमळाबाई म्हणाल्या, माझी गाय तू परत पाठवलीस तेव्हा मला राग आला होता, पण मी तुझं ऐकलं. एवढं बोलून त्या खाली बसल्या.

गोरक्षने सावळीराम बसला होता तिकडे हात जोडले. पण बोलली कुसाबाई.

"इथं चार माणसांत सांगणं सोपं हाय, बाबा. आमच्या दारात येऊन सांग."

ती उठून घरी निघून गेली. तिच्यामागून सावळीरामही गेला.

उज्वलाबाईंची गाडी उभी होती, पण त्या निघाल्या नाहीत. थोड्या वेळाने गोरक्ष एकटाच त्या घराकडे गेला. त्या लांबून त्याच्यामागे गेल्या. तो दारात उंबऱ्याबाहेर खाली बसला. कुसाबाई चुलीपाशी होती, तिने वळून पाहिलं नाही. अंगणात सावळीराम दावं वळत होता.

"काका, मी चुकलो," गोरक्ष म्हणाला. "पाखरं मारली ती मारलीच. पण तुमचं नाव खराब होऊ दिलं."

सावळीराम दावं वळत राहिला. पीळ पुरा झाला, त्याने गाठ मारली. मग त्याने पहिला प्रश्न विचारला.

"कड्यावर किती उरली?"

गोरक्षला सांगता येईना. पक्षी मेले त्या दिवसापासून त्याने कड्याकडे वर पाहिलंच नव्हतं.

"मोजली नाय?"

"नाय. धीर नाय झाला."

सावळीरामने दावं खुंट्याला अडकवलं. भिंतीशी ठेवलेल्या चपला पायात घातल्या. कुसाबाई आता चुलीपासून उठून दारात आली होती.

"उठ," सावळीराम म्हणाला. "ऊन हाय तोवर मोजून येऊ."

दोघं शेतांमधल्या वाटेने कड्याकडे निघाले. म्हातारा पुढे आणि गोरक्ष मागे, मान खाली घालून. बांधावर पोहोचल्यावर सावळीरामने थांबून वर बोट दाखवलं. उज्वलाबाईंनीही पाहिलं. कड्याच्या प्रत्येक खबदाडीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ होते, वर्षानुवर्षांचे, भरल्या घराच्या खुणांसारखे. त्यातल्या बहुतेक खबदाडी रिकाम्या होत्या. एका घरट्यातून पिल्लाचं डोकं वर आलं आणि आभाळाकडे बघत राहिलं. गोरक्षने मोठ्या कष्टाने मान वर केली.

"एक," सावळीराम म्हणाला, आणि पुढचं गोरक्षने मोजावं म्हणून थांबला.